भुऱ्याला दिलेला ताण

गुणवंतरावांच्या बुडाखाली कोणी निखारे ठेवलेत की काय, असं यमुनाबाई लग्न झाल्यापासून म्हणत आल्या होत्या. माणूस एका जागी बसतच नसे. पहिल्या घासाला त्यांना विहिरीवरची मोटार आठवायची, दुसऱ्या घासाला फाटक. दाढी अर्धी करून ते अंगणात जायचे आणि गालाला साबण तसाच ठेवून अर्ध्या गावाशी बोलून यायचे. सौंसरहून पांढुर्ण्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांचं गाव, गावाच्या टोकाला घर, आणि घरापासून पाऊण कोसावर संत्र्याचा बगिचा. या पाऊण कोसात ते दिवसातून इतक्या खेपा घालत की पायवाटेवर गवत उगवायची हिंमत करत नसे.

त्यातून हे दिवस ताणाचे. संत्र्याला फूल यावं म्हणून ऐन थंडीत महिना-दीड महिना त्याचं पाणी तोडतात. झाड मलूल होतं, पानं कोमेजतात, गळतात, पाहवत नाही. मग पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी लदबदून जातं. या पाणी तोडण्याला ताण देणं म्हणतात. या काळात बागायतदाराला काही करायचं नसतं, नुसतं पाहत राहायचं असतं. आणि काही न करणं हे एकच काम गुणवंतरावांना येत नव्हतं.

पण यंदा बगिच्याहून मोठा घोर घरात होता. यमुनाबाईंचे दोन्ही गुडघे संपले होते. भिंत धरल्याशिवाय त्यांना न्हाणीपर्यंत जाता येत नव्हतं. मुलगा पंकज नागपूरला नोकरीला. त्यानं तिथल्या डॉक्टरला दाखवलं होतं, ऑपरेशन ठरवलं होतं. पहिली तारीख यमुनाबाईंनी दिवाळीचं कारण सांगून ढकलली. दुसरी संत्र्याच्या तोड्यापायी. आता तिसरी तारीख समोर होती आणि घोडं अडलं होतं एका कुत्र्यापाशी.

"तो तुमच्या हातचं खाईन, त्या दिवशी मी गाडीत बसते," त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं. "त्याच्या आधी नाही. मी तिकडं पलंगावर पडून राहीन अन् इकडं तो मुका जीव उपाशी मरन. माझ्यानं नाही होत."

"अन् नाहीच खाल्लं त्यानं तं?"

"तं मी लंगडतच मरीन."

बोलणं संपलं. यमुनाबाई जे बोलत ते करत, हा अनुभव गुणवंतरावांना जुना होता.

भुऱ्या दिवाळीच्या थोडा आधी आला. यमुनाबाईंच्या माहेरच्या गल्लीतली प्राजक्ता पांढुर्ण्याला शाळेत शिकवते, आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये जखमी, सोडून दिलेली कुत्री सांभाळते. लोधीखेड्याकडच्या रस्त्यावर एक ढाबा बंद पडला. मालक सामान घेऊन गेला, मागच्या बाजूला साखळीला बांधलेलं कुत्रं तेवढं तिथंच ठेवून गेला. प्राजक्तानं ते सोडवून आणलं तेव्हा त्याच्या गळ्याभोवती साखळीनं केस पार खाल्ले होते. यमुनाबाई सहज म्हणून तिच्या आईला भेटायला गेल्या, खुर्चीवर टेकल्या, आणि हा भुरा, हाडकुळा प्राणी सरपटत येऊन त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसला. झालं. ज्या गुडघ्यांची घरात कोणी जवळ बसून विचारपूस करत नव्हतं, त्यांची त्या कुत्र्यानं केली. परतीच्या गाडीत यमुनाबाईंबरोबर भुऱ्याही घरी आला.

बाईच्या हातचं तो सगळं खाई. पण पुरुषाचा आवाज आला की धान्याच्या कोठीमागे दडे, आणि त्या आवाजाला खोकल्याची जोड मिळाली तर तिथंच मुतून ठेवी. गुणवंतराव खोकल्याशिवाय घरात शिरत नसत, म्हणजे विचार करा. त्यांच्या तीन चपला त्यानं चावून टाकल्या. यमुनाबाई हळदीकुंकवाला शेजारच्या घरात गेल्या तर तो फाटकाशी असा रडला की गल्लीतल्या बायका वाण हातात घेऊन बाहेर आल्या. शेजारी भिवाजी म्हणाला, "भाऊ, याच्या अंगात काही तरी हाय. जामसांवलीच्या मारुतीपाशी नेऊन आणा." यमुनाबाईंनी कुत्र्याला नेलं नाही, पण शनिवारी जाणाऱ्या एका बाईकडून मारुतीचा अंगारा मागवला आणि त्याच्या कपाळाला लावला. भुऱ्यानं लांब जीभ काढून नाकावर सांडलेला होता नव्हता तेवढा चाटून घेतला.

प्राजक्ता मात्र फोनवर दर वेळी एकच सांगे. "काकाजी, त्याच्यासमोर उभं नका राहू. खाली बसा. पाठ करून बसा. डोळ्यात पाहू नका, हात पुढं करू नका. भाकरीचा तुकडा त्याच्याकडं नाही, बाजूला टाका. अन् बसून राहा. तो आपसूक येईन."

"किती वेळ बसू?"

"तो येईपर्यंत."

गुणवंतरावांनी प्रयत्न केला नाही असं म्हणता येणार नाही. ते अंगणात पाठमोरे बसले. भुऱ्यानं कोठीमागून नाक बाहेर काढलं. एक पाऊल टाकलं. तेवढ्यात गुणवंतरावांना आठवलं की खालच्या वाफ्याचा नळ बंद केला की नाही. ते ताडकन उठले. भुऱ्या पुन्हा कोठीमागे, आणि कोठीमागे पुन्हा डबकं. असं रोज होई. यमुनाबाई डोक्याला हात लावत आणि पोछा घेऊन भिंतीच्या आधारानं उठत. बायकोला असं उठताना गुणवंतरावांना पाहवत नसे. पण ते तोंडानं म्हणत, "अवं, राहू दे ना, मी पुसतो," आणि म्हणता म्हणता बाहेर निघून जात.

ताणाची युक्ती त्यांना बगिच्यात सुचली. एका झाडाचं कोमेजलेलं पान बोटांत धरून ते उभे होते आणि मनात आलं, पाणी आयतं मिळतं तोवर झाड फुलत नाही. कुत्र्याचं तेच आहे. यमुना आहे तोवर तो माझ्याकडे कशाला पाहील? बाईच्या हातचं खाणं तोडायचं. पोटाला चिमटा बसला की येईल मुकाट्यानं. सगळं आयुष्य संत्र्यात गेलेल्या माणसाला कुत्र्याचं मन संत्र्यासारखंच दिसणार, त्याला कोण काय करणार! त्यांना आपल्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की ते जवळजवळ पळतच घरी आले.

यमुनाबाईंना त्यांनी अर्धंच सांगितलं. "मी त्याले बगिच्यात घेऊन जातो. बैलाच्या कोठ्यात मी अन् तो, दोघंच राहतो दोन-चार दिवस. तू दिसत नाही म्हटल्यावर लागन माह्या वळणी."

यमुनाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "मारसान-बिरसान तं नाही ना?"

"मी काहून मारीन त्याले?"

"अन् भिवाजीच्या हाती रोज डबा धाडीन, त्यात भुऱ्याच्या भाकरी येगळ्या बांधून देईन. दूध येगळं. द्यान ना?"

"हाव वं बाई, हाव."

बैल विकल्यापासून बगिच्यातला कोठा रिकामाच होता. भुऱ्याला तिथं नेऊन त्यांनी बाहेरून कडी घातली. पाण्याचं घमेलं आत ठेवलं, कडबा अंथरला, जुनं घोंगडं टाकलं. दुष्ट माणूस नव्हता तो. फक्त खाणं हातातूनच द्यायचं, हात नाही तर खाणं नाही, एवढाच नियम. सकाळी दार उघडून त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे केला. भुऱ्या भिंतीला चिकटून थरथरत होता. "नाही ना? राहिलं," म्हणून त्यांनी तुकडा परत नेला. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. दिवसभर आतून दार खरवडल्याचा आवाज येत राहिला. गुणवंतराव झाडांच्या ओळींतून फेऱ्या घालत राहिले, आणि प्रत्येक फेरीला त्यांची वाट कोठ्यापासून थोडी लांबून जाऊ लागली.

संध्याकाळी यमुनाबाईंचा फोन आला. "खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं," गुणवंतराव बोलून गेले. खोटं बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. उद्या खाईलच, एक दिवस आधी सांगितलं तर काय बिघडलं, असं काहीसं मनात होतं.

"तुमच्या हातानं?"

"मंग कोणाच्या?"

पलीकडे यमुनाबाई रडत होत्या. आनंदानं रडणारी बायको त्यांनी फार वर्षांनी ऐकली होती. दुसऱ्या दिवशी पंकजचा फोन आला, की आई हो म्हणाली, दवाखान्यात सांगून टाकलं, सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतो. आता मागे फिरायचं म्हटलं तरी दार बंद झालं होतं. त्या संध्याकाळीही ते "खाल्लं" म्हणाले, आणि वर "दूध पण पेला" असं आपल्या पदरचं जोडलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. यांचा तर कोठाच रिकामा होता, त्यात त्यांनी कुत्रं कोंडलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर भुऱ्या थरथरला नाही. भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाराच्या फळीवर ओरखडे होते आणि त्या ओरखड्यांत रक्त. पुढच्या दोन्ही पायांची नखं तुटली होती. गुणवंतरावांनी तुकडा पुढे केला, मग नियम मोडून खाली ठेवला, मग दुधाचं भांडंही ठेवून दार लावून बाहेर आले. बऱ्याच वेळानं डोकावले. दुधावर साय धरली होती. कुत्र्यानं मान वळवली नव्हती.

ते मोटारीपर्यंत गेले, मोटार बंदच होती. फाटकापर्यंत गेले, परत आले. फोन काढला, खिशात ठेवला. प्राजक्ताला काय सांगणार होते? यमुनेला काय सांगणार होते? सोमवार तोंडावर आलेला. कुत्रं मेलं तर बायको ऑपरेशनचं नाव काढणार नाही, आणि नवऱ्याचं तोंडही पाहणार नाही.

अशात भिवाजी बांधावरून आला. त्याचा बगिचा शेजारीच. "भाऊ, एक इचारतो. माह्या खालच्या तुकड्यात बऱ्याच झाडाईले डिंक्या लागला. बाकीच्यासंगं त्याहिलेही ताण देऊन टाकू का?"

"येडा झाला का तू?" गुणवंतराव एकदम अंगावर धावून गेल्यासारखे ओरडले. "रोगट झाडाले कोणी ताण देते का? ताण धडधाकट झाडाले देतेत! ज्याच्यात जीव हाय त्याले! बिमार झाड फुलत नाही, उभ्या उभ्या वाळते!"

भिवाजी दचकून मागे सरला. त्यानं एवढं काय विचारलं होतं ते त्याला कळेना. गुणवंतराव तोंड उघडं ठेवून तसेच उभे होते. आपलंच वाक्य त्यांना आता ऐकू आलं होतं. साखळीनं गळा खाल्लेलं, मागं टाकून दिलेलं ते जनावर, आणि त्याला त्यांनी पुन्हा एकदा कोंडून उपाशी ठेवलं होतं. ढाबेवाल्यात आणि आपल्यात फरक तो काय? तो निदान निघून गेला होता. आपण तर रोज सकाळी भाकरी दाखवून परत नेली.

भिवाजीला काही न सांगता ते कोठ्याकडे पळाले. वाटेतच प्राजक्ताला फोन लावला आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. पलीकडे ती पोरगी शिकवताना बोलत असावी तशा कोरड्या आवाजात म्हणाली, "भाताची पेज करा. पातळ, कोमट, मीठ नको. त्याले उचलू नका. दार उघडं ठेवा अन् दारात बसा, पाठ करून. मी शाळेतून निघते अन् पायाले औषध घेऊन येते. अन् काकाजी, आज उठू नका. आज उठले तं पुन्हा नाही येणार तो."

कोठ्याबाहेरच्या चुलीवर कशीबशी पेज झाली. दार सताड उघडलं. पेजेचं भांडं मांडीपासून हातभर मागे ठेवून गुणवंतराव उंबऱ्यात बसले, तोंड बगिच्याकडे, पाठ कुत्र्याकडे.

बसणं म्हणजे काय असतं ते त्यांना त्या दुपारी कळलं. आधी पायाला मुंग्या आल्या. मग पाठीत कळ. समोरच्या ओळीत वानरं उतरली, फांद्या हलवू लागली, आणि त्यांच्या घशात आलेली आरोळी त्यांनी गिळली. कारण ती पुरुषाची आरोळी होती. खिशात फोन वाजला. यमुनेचा असणार. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. मागून काहीच आवाज नव्हता. मेलं की काय? वळून पाहावं तर प्राजक्तानं नको म्हटलेलं. न पाहावं तर कळणार कसं?

शेवटी गप्प बसणं असह्य झालं तेव्हा ते बोलायला लागले. हळू, समोरच्या झाडांकडे पाहत.

"लय भेव वाटून राहिलं रे मले. ते आत नेतीन, भूल देतीन, अन् उठलीच नाही तं? मले धड चहाही करता येत नाही. तिच्याबिगर मी घरात एक रात कधी झोपलो नाही. म्हून मी फिरतो अन् फिरतो. बसलो का ध्यानात येते." त्यांनी नाक पुसलं. "हे म्या कोणाले सांगतलं नाही. तुले सांगून राहिलो. तू कोणाले सांगशीन?"

हे सगळं बोलायला बायको उरली नव्हती असं नाही. ती पाऊण कोसावरच होती. पण जे बोलायचं ते सोडून बाकी सगळं तिच्याशी बोलण्यात त्यांचा संसार गेला होता.

भूक लागली म्हणून त्यांनी डबा उघडला. भाकरी, वांग्याचं भरीत. खाता खाता एक तुकडा डाव्या हातात धरून हात मागे जमिनीवर टेकवला आणि तिकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं. मागे कडबा सळसळला. भांड्याला काही लागलं. मग लपलप असा, घाबरत घाबरत होणारा आवाज, थांबून पुन्हा होणारा. आणि मग डाव्या हाताच्या बोटांना एक गार, ओलं नाक लागलं. तुकडा हातातून इतक्या हळू गेला की गेल्याचं बोटांना उशिरा कळलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळून भाकरीवरच्या भरतावर पडत होतं, आणि पुसायला हात हलवायची सोय नव्हती.

तेवढ्यात फाटकाशी भिवाजीची मोटरसायकल थांबली. मागे यमुनाबाई. नवरा फोन उचलत नाही म्हणून त्या निघाल्या होत्या. मोटरसायकल ओळींतून आत येईना, तर उतरून तुरीची वाळकी काठी टेकत ढेकळांतून चालत आल्या. त्यांनी दारावरचे ओरखडे पाहिले, भुऱ्याचे पंजे पाहिले, बरगड्या पाहिल्या. भुऱ्या लंगडत धावला आणि त्यांच्या लुगड्यात शिरला.

"हे काय हाय?"

"म्या झूट सांगतलं," गुणवंतराव म्हणाले. "त्यानं काही खाल्लं नव्हतं. म्या त्याले ताण देल्ता."

यमुनाबाईंना ताण म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नव्हती.

"पण आज खाल्लं. आता, आताच. माह्या हातानं. देवाशपथ."

"हाव. कालही खाल्लंच होतं. दूध पण पेला होता."

गुणवंतरावांनी घाईघाईनं एक तुकडा घेऊन हात पुढे केला. भुऱ्या यमुनाबाईंच्या मागे दडला. त्यांनी खाली बसून पाहिलं, पाठ करून पाहिलं. ज्याला बाईचा पदर मिळाला तो त्यांच्याकडे कशाला येतो! पुरावा म्हणून दाखवायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. त्यांच्या शब्दाखेरीज काही नव्हतं, आणि तो त्यांनी आधीच खर्चून टाकला होता.

प्राजक्ता आली, तिनं पंजे धुऊन पट्टी बांधली, भुऱ्याला आणि यमुनाबाईंना घरी पोचवलं. त्या ढेकळांतल्या चालण्यानं यमुनाबाईंचा उजवा गुडघा घागरीएवढा सुजला. दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या आणि तोंड फिरवायच्या. गुणवंतराव घराबाहेर गेले नाहीत. अंगणात पाठ करून बसत, उठत, स्वतःवर चिडत, पुन्हा बसत. भुऱ्या कोठीमागून त्यांच्याकडे पाही, एवढंच. मुतत मात्र नसे.

सोमवारी पंकजची गाडी दारात उभी राहिली. आई येणार की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं. यमुनाबाई पिशवी घेऊन, भिंत धरत बाहेर आल्या.

"तुमच्यावर भरोसा ठेवून जाऊन नाही राहिली मी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. इतक्या दिवसांतलं हे पहिलं वाक्य. "पाय उचलत नाही म्हून जाऊन राहिली. तुम्ही संगं येऊ नका. तिथी फेऱ्या घालून डॉक्टरले पागल करान. याच्याजवळ राहा. मी रोज इचारीन, अन् जे हाय ते सांगाचं."

"हाव," गुणवंतराव म्हणाले. आणखी पुष्कळ बोलायचं होतं. गाडीचं दार लागलं, गाडी वळली, आणि भुऱ्यानं फाटकाला अंग धडकवत जो टाहो फोडला तो ऐकून त्यांना वाटलं, आपल्याही गळ्यातून असाच काढावा.

त्या दिवशी भुऱ्यानं खाल्लं नाही. पेज केली, भाकरी ठेवली, पाठ करून बसून झालं. तो फाटकाशी पडून राहिला. गुणवंतरावही फाटकापासून चार हातांवर पडून राहिले, थंडीत, घोंगडं पांघरून. बगिच्यात कोणी फिरकलं नाही.

सकाळी पंकजचा फोन आला. आवाज दबका. "बाबा, आईले आत्ता आत नेतीन. त्याच्याआधी तुमच्याशी बोलायचं म्हणते. भुऱ्याचं इचारीन ती. खाल्लं म्हणून सांगजा. बीपी कालपासून वर-खाली होऊन राहिलं. वाढलं तं डॉक्टर आज हात लावत नाही म्हणते. पुन्हा तारीख गेली तं ती पुन्हा येणार नाही. समजलं ना?"

"समजलं."

"नक्की सांगजा, बाबा."

फोनमध्ये खडखड झाली, कोणीतरी दार ढकललं, आणि मग यमुनाबाईंचा आवाज आला. लहान, दुरून आल्यासारखा.

"खाल्लं का त्यानं?"

गुणवंतरावांनी फाटकाकडे पाहिलं. पट्टी बांधलेल्या पंजांवर हनुवटी ठेवून भुऱ्या रस्त्याकडे बघत होता. भांड्यातली पेज थिजली होती. एक शब्द बोलायचा होता, सोपा, या आधी दोनदा बोलून झालेला. त्या शब्दानं तिचा जीव थंडावणार होता. पंकजनं तो हातात आणून दिला होता. गुणवंतराव जमिनीवरच बसले.

"नाही," ते म्हणाले. "कालपासून काहीच खाल्लं नाही. फाटकाकडं पाहून राहिला. मी बसलो त्याच्यापाशी. अजून तरी नाही खाल्लं."

पलीकडे पंकज काहीतरी पुटपुटला, बहुतेक बापाच्या नावानं. यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. गुणवंतरावांनी डोळे घट्ट मिटले. गेली तारीख, सगळं गेलं, आपणच घालवलं.

मग यमुनाबाईंनी एक लांब श्वास सोडला. बाजेवर दिवसभराचं अंग टाकताना त्या सोडत तसा.

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही उद्या खाल्लं म्हणसान तं मले खरं वाटन." आणि त्यांनी पंकजला मारलेली हाक ऐकू आली, "चाल रे, बोलाव त्याहिले. मी तयार हाय."